‘असें म्हणतात’ : एका लहान क्रियापदाची कुळकथा

कोकणांतील एखाद्या घराच्या ओटीवर सायंकाळीं चार माणसें जमलीं आणि गांवांतील नवी वार्ता निघाली, म्हणजे त्या वार्तेबरोबर एक लहानसा शब्द हमखास ऐकूं येतो. तो शब्द म्हणजे ‘म्हणे’. अमक्यानें म्हणे आंब्याची बाग विकली. तमक्याचा मुलगा म्हणे मुंबईची नोकरी सोडून आला. सांगणारा वार्ता सांगून मोकळा होतो, पण तिच्या खरेपणाचा भार आपल्या शिरावर घेत नाहीं. वार्ता खरी निघाली तर ‘मीं सांगितलें नव्हतें का?’ असें विचारण्यास त्याला जागा असते. खोटी निघाली तर ‘लोक म्हणत होते’ असें सांगून हात झटकण्यासही असते.

ओटीवर हें खपून जातें. कारण तेथें ऐकणारे चारच असतात आणि ते सांगणाऱ्याला पुरते ओळखून असतात. परंतु तीच वार्ता छापून हजारों घरीं गेली म्हणजे काय होतें? मग ती कोण म्हणालें, कोणाला कळली आणि ती खोटी ठरल्यास जबाब कोणीं द्यावयाचा, हे प्रश्न उभे राहतात. मराठी वर्तमानपत्रांपुढें हे प्रश्न जन्मापासून उभे होते. आणि त्यांचीं उत्तरें शोधतांना त्यांची गांठ ‘से’ या अगदीं साध्या इंग्रजी क्रियापदाशीं पडली. त्या गांठीभेटीची हकीकत मोठी बोधप्रद आहे. तींतील प्रमुख पुरुषांपैकीं कित्येक जण जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या मातींतले होते, हा योगही लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला पहिल्या दहा-वीस क्रियापदांतच ‘से’ भेटतें. त्याचा अर्थ ‘म्हणणें’; ह्यांत अवघड असें कांहीं नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी वर्तमानपत्रांत ह्या साध्या क्रियापदाकडून तीन निरनिराळीं कामें करून घेतलीं जात. सभेचा वृत्तांत असला कीं वक्त्याच्या नांवाबरोबर ‘सेड’ येई. येथें बोलणारा कोण हें उघड असे. बातमी उडती असली कीं ‘इट इज सेड’ अशी कर्मणि रचना येई. येथें बोलणारा पडद्याआड जाई. आणि एका पत्रानें दुसऱ्याचा मजकूर उतरून घेतला कीं ‘टाइम्स सेज’ असें लिहिलें जाई. येथें माणसाऐवजीं कागदच बोलूं लागे. पहिल्या प्रयोगांत साक्षीदार समोर उभा असतो, दुसऱ्यांत तो नाहींसा होतो आणि तिसऱ्यांत त्याची जागा एक संस्था घेते. क्रियापद एकच, पण जबाबदारीच्या दृष्टीनें तिन्ही प्रयोगांत महदंतर आहे.

मराठीजवळ ह्या कामासाठीं शब्दांची वाण नव्हती. ‘बोलणें’ ही तोंडाची क्रिया आहे. ‘सांगणें’ म्हटलें कीं ऐकणारा समोर येतो. आणि ‘म्हणणें’ ह्या शब्दांत बोलण्याचा आशय, माणसाचें मत, हेंच मुख्य असतें. ‘त्याचें बोलणें गोड आहे’ आणि ‘त्याचें म्हणणें बरोबर आहे’ हीं दोन वाक्यें शेजारीं ठेवलीं कीं भेद ध्यानांत येतो. शिवाय मराठीजवळ ‘कळणें’ आणि ‘समजणें’ हीं क्रियापदें आहेत. ह्यांचा स्वभाव मोठा विलक्षण. ज्याला कळतें तो वाक्याचा कर्ता नसतोच. तो ‘मला’, ‘त्याला’ अशा चतुर्थींत एका बाजूला बसलेला असतो. तेव्हां त्याला उठवून लावणें फार सोपें. ‘मला कळतें’ यांतील ‘मला’ काढून टाकलें कीं ‘असें कळतें’ एवढें स्वच्छ वाक्य शिल्लक राहतें. इंग्रजीला हेंच साधण्यासाठीं ‘इट इज लर्न्ट’ असा वळसा घ्यावा लागतो. मराठींत वळसा नाहीं. कोणाला कळलें, हा प्रश्न व्याकरण विचारीतच नाहीं.

ही सोय छापखान्यानें निर्माण केलेली नव्हे. पेशवाईच्या काळांतील पत्रव्यवहारांत ‘वर्तमान श्रुत झालें’, ‘विदित व्हावें’, ‘कळावें’ अशीं वाक्यें रूढ होतीं. दरबारोदरबारीं नेमलेले वकील आणि अखबारनवीस आपापल्या धन्यास बातम्या पाठवीत. ऐकीव वर्तमान आणि डोळ्यांनीं पाहिलेलें वर्तमान यांतील फरक जाणत्या पत्रलेखकास ठाऊक असे. मात्र त्या पत्रांना एक संरक्षण होतें. लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण, हें दोघांनाही माहीत असे. ‘श्रुत झालें’ असें कोणीं लिहिलें हें धन्याला कळे, आणि त्या माणसाच्या शब्दाचें वजन किती हेंही तो जाणून असे. क्रियापदाचा कर्ता लपला तरी पत्राचा लेखक लपत नव्हता.

छापलेल्या पत्रानें हा संबंध तोडला. ६ जानेवारी १८३२ या दिवशीं मुंबईस ‘दर्पण’ निघालें. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे. तें गांव तेव्हांपासून पुढें दीर्घकाळ रत्नागिरी जिल्ह्यांत गणलें गेलें. १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हां तें देवगड तालुक्याबरोबर नव्या जिल्ह्यांत गेलें. बाळशास्त्री त्या वेळीं विशीच्या उंबरठ्यावरील तरुण होते. ‘दर्पण’च्या पानावर दोन स्तंभ असत; एकांत इंग्रजी आणि त्याच्या शेजारीं मराठी. आरंभीं पंधरा दिवसांनीं निघणारें हें पत्र त्याच वर्षीं मे महिन्यापासून साप्ताहिक झालें आणि १८४० पर्यंत चाललें.

हे दोन शेजारी स्तंभ म्हणजे मराठी वृत्तगद्याची पहिली शाळा होय. इंग्रजी बातमीची ठेवण ठरलेली होती. मराठी बातमीची ठरावयाची होती. इंग्रजी वाक्य आणि मराठी वाक्य एकाच पानावर उभीं राहत, आणि दोन्ही भाषा जाणणारा वाचक एका दृष्टिक्षेपांत त्यांची तुलना करूं शके. पत्र एका सरदारासाठीं लिहावयाचें नव्हतें. कोणी तरी अनोळखी वर्गणीदार तें वाचणार होता. संपादकाला लेखणी उचलतांनाच ठरवावें लागे कीं हें मीं पाहिलें आहे, कोणीं तरी सांगितलें आहे, कीं केवळ ऐकिवांत आहे. आज ‘असें कळतें’, ‘असें म्हणतात’, ‘असें समजतें’ हीं वाक्यें इतकीं गुळगुळीत झालीं आहेत कीं त्यांवर डोळा थांबतही नाहीं. पण त्यांत दोन घराण्यांचा मिलाफ आहे. शब्द जुन्या पत्रांतले, आणि त्यांचा बातमीच्या शेवटीं ठेवण्याचा नेम इंग्रजी पत्रांच्या शेजारानें दृढ झालेला.

‘दर्पण’नंतर मराठी पत्रें वाढत गेलीं. भाऊ महाजन यांचें ‘प्रभाकर’ १८४१ सालीं निघालें आणि १८४८ पासून त्यांत लोकहितवादींचीं शतपत्रें येऊं लागलीं. ‘लोकहितवादी’ हें घेतलेलें नांव होतें. त्यामागें गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकरींतील गृहस्थ होते. म्हणणें छापलें जाई, म्हणणारा टोपणनांवाआड राही. पुढें १८६४ सालीं विश्वनाथ नारायण मंडलिक यांनीं ‘नेटिव्ह ओपिनियन’ काढलें. मंडलिक दापोलीजवळच्या मुरूडचे, आणि पेशानें मुंबईच्या उच्च न्यायालयांतील नामांकित वकील. ‘दर्पण’प्रमाणें याही पत्रांत इंग्रजी आणि मराठी असे दोन्ही मजकूर येत. प्रत्येक शब्दाचा भार तोलून पाहण्याची वकिलाची संवय आणि संपादकाची लेखणी येथें एका हातांत आल्या. खुद्द रत्नागिरी शहरांतूनही त्या शतकांत ‘जगन्मित्र’ आणि ‘सत्यशोधक’ हीं पत्रें निघत होतीं.

पत्रें वाढलीं तसा ‘से’चा तिसरा प्रयोग मराठींत रुजला. ‘ज्ञानप्रकाश म्हणतो’, ‘इंदुप्रकाश म्हणतो’, ‘केसरी म्हणतो’ अशीं वाक्यें लोकांच्या तोंडीं बसलीं. ह्यांत मराठीचा एक बारकावा आहे. संपादकाविषयीं बोलतांना ‘ते म्हणतात’ असा आदरार्थी प्रयोग होई. पत्राविषयीं बोलतांना मात्र ‘तो म्हणतो’. पत्र हा जणूं घरांत येऊन बसणारा एक परिचित पुरुष झाला. रत्नागिरीसारख्या भागांत ह्या पुरुषाचें येणें वाटेवर आणि ऋतूवर अवलंबून असे. पावसाळ्यांत किनाऱ्यावरील आगबोटी बंद पडत, आणि मुंबईचें टपाल घाटवाटांनीं फिरून येई. एक अंक आला कीं वाचतां येणारा एक जण मोठ्यानें वाची आणि बाकीचे ऐकत. मग ऐकणारा घरीं जाऊन सांगे, ‘केसरी म्हणतो’; आणि त्याच्या शेजारणीच्या तोंडीं त्याचेंच पुन्हां ‘म्हणे’ होई. छापखान्यानें ओटीवरचा शब्द उचलला होता. वाचकांनीं तो फिरून ओटीवर आणून ठेवला.

हें सर्व ऐकणारा आणखी एक श्रोता होता, तो म्हणजे सरकार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई सरकारसाठीं देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्यास तयार होऊं लागला. अमुक पत्र अमुक तारखेस असें म्हणतें, अशा रीतीनें एकेक परिच्छेद मांडलेला असे. येथें ‘से’ची साखळी पुरी होते. बातमीदार म्हणाला, म्हणून पत्र म्हणालें. पत्र म्हणालें, म्हणून भाषांतरकार म्हणाला. आणि शेवटचें वाक्य अशा अधिकाऱ्यापुढें गेलें कीं ज्यानें मूळ मराठी वाचलेलें नसण्याचाच संभव अधिक. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत देशी भाषांतील पत्रांपुरता वेगळा कडक कायदा झाला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’नें तो चुकविण्यासाठीं आपली भाषाच बदलून इंग्रजी केली. म्हणजे तेंच म्हणणें इंग्रजींत निर्धोक आणि देशी भाषेंत धोक्याचें, अशी स्थिति होती. १८८२ सालीं हा कायदा रद्द झाला. पण देशी क्रियापदावरील सरकारचा डोळा उठला नाहीं.

त्याच वर्षीं मराठी पत्रकारांना ‘असें कळतें’ ह्या वाक्याची पहिली जबर किंमत द्यावी लागली. १८८१ च्या जानेवारींत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ हीं दोन पत्रें पुण्यांत सुरू झालीं होतीं. पहिलें मराठी, दुसरें इंग्रजी. ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरीस झालेला. वडील गंगाधरपंत शिक्षक. व्याकरण आणि त्रिकोणमिति ह्या विषयांवर त्यांनीं पुस्तकें लिहिलीं होतीं. अशा घरांत वाढलेल्या मुलाला क्रियापदाची पारख उपजत असावी, यांत नवल नाहीं.

कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेड लागलें आहे असें सरकारतर्फे सांगण्यांत येत होतें, आणि त्यांचा छळ होत असल्याची बोलवा सर्वत्र होती. दिवाण माधवराव बर्वे यांच्या हातचीं म्हणून कांहीं पत्रें ह्या मंडळींकडे आलीं. त्यांवरून महाराजांविरुद्ध कट चालला आहे असें दिसत होतें. दोन्ही पत्रांनीं दिवाणांवर कडक टीका केली. दिवाणांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. आणि न्यायालयांत तीं पत्रें बनावट असल्याचें निष्पन्न झालें. संपादकांनीं दिलगिरी प्रदर्शित केली, तरी जुलै १८८२ मध्यें दोघांनाही चार चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी येथील तुरुंगांत एकशें एक दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजीं ते सुटले. आगरकरांनीं त्या दिवसांवर पुढें एक पुस्तकच लिहिलें.

ह्या प्रकरणांत वाचकानें थांबून विचार करावा असें पुष्कळ आहे. संपादकांनीं ती कथा स्वतः रचलेली नव्हती. कोणीं तरी सांगितलें, कागद दाखविले, आणि त्यांनीं विश्वास ठेवला. परंतु १८६० च्या दंडसंहितेंतील अब्रुनुकसानीचें कलम बदनामी रचणाऱ्यापुरतें नव्हतें. ती प्रसिद्ध करणाराही त्याच कलमाखालीं येत होता. दुसऱ्याचें म्हणणें छापलें कीं तें छापणाऱ्याचेंही होतें. अधिक दुःखाची गोष्ट ही कीं महाराजांविषयीं वाटणारी काळजी निराधार ठरली नाहीं. १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगरच्या किल्ल्यांत, देखरेखीवरील ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत, त्यांचा अंत झाला. चिंता खरी होती. पुरावा खोटा होता. ज्या वाक्यामागें खरी तळमळ असते त्याच वाक्याचा आधार अधिक कसून पाहावा लागतो, नाहींतर खोट्या कागदाबरोबर खरी तक्रारही बुडते. हा धडा मराठी पत्रांना एकशें एक दिवसांच्या मोलानें मिळाला.

पंधरा वर्षांनीं ‘सेड’चा पहिला आणि सर्वांत सरळ प्रयोग न्यायासनापुढें आला. जून १८९७ मध्यें पुण्यास शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यांत अफझलखानाच्या वधाविषयीं व्याख्यानें झालीं, टिळकही बोलले. १५ जूनच्या ‘केसरी’त त्या उत्सवाचा वृत्तांत आणि कांहीं कविता छापल्या गेल्या. एका आठवड्यानें, २२ जून रोजीं, प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. जुलै संपण्यापूर्वींच टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यांत आलें.

आरोप ज्या मजकुरावर ठेवला त्यांत उत्सवांतील भाषणांचा वृत्तांत होता, हें येथें महत्त्वाचें आहे. व्याख्याते काय म्हणाले हें पत्रानें सांगितलें होतें. ऐतिहासिक पुरुषाच्या कृतीचें समर्थन कोणीं तरी सभेंत केलें आणि पत्रानें तें कळविलें. त्यांतच वक्ताही टिळक आणि छापणारेही टिळक. म्हणजे संपादकानें स्वतःचेंच बोलणें ‘टिळक म्हणाले’ असें तृतीय पुरुषांत दिलें होतें. १८७० सालीं दंडसंहितेंत घातलेल्या राजद्रोहाच्या कलमाला ह्या तृतीय पुरुषाचें कांहीं सोयरसुतक नव्हतें. बोललेल्या किंवा वाचण्यासाठीं लिहिलेल्या शब्दांनीं सरकारविषयीं अप्रीति उत्पन्न केली किंवा करण्याचा प्रयत्न केला, एवढेंच तें पाही. न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव असा विस्तृत अर्थ ज्यूरीला सांगितला. सहा युरोपीय ज्यूररांनीं दोषी आणि तिघां हिंदी ज्यूररांनीं निर्दोषी असें मत दिलें. १४ सप्टेंबर १८९७ रोजीं अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली गेली.

न्यायालयाच्या भाषेंतील एक गंमत ह्याच ठिकाणीं नमूद करण्याजोगी आहे. मराठींत ‘तुझें म्हणणें काय?’ असें प्रतिपक्षाला विचारतात, आणि कचेरींत दाखल केलेल्या त्याच्या उत्तरालाही ‘म्हणणें’ असेंच म्हणतात. त्याचा परिणाम असा झाला कीं महाराष्ट्रांतील न्यायालयांच्या इंग्रजींत ‘से’ हें क्रियापद चक्क नाम होऊन बसलें. अर्ज आला कीं दुसऱ्या बाजूचा ‘से’ मागवितात, वकील ‘से’ दाखल करतो. बाहेरगांवच्या इंग्रजी जाणणाऱ्यास ह्याचें आश्चर्य वाटतें. मराठीनें इंग्रजीपासून बातमीची ठेवण घेतली, तर इंग्रजीच्या एका क्रियापदाला आपल्या ‘म्हणण्या’चा वेष चढवून उसनें फेडलेंही.

१९०८ सालचा खटला मुख्यतः ‘म्हणण्या’च्या भाषांतराभोवतीं फिरला. ‘केसरी’च्या १२ मे आणि ९ जूनच्या अग्रलेखांवरून टिळकांवर पुन्हां राजद्रोहाचा आरोप आला. लेख मराठी, न्यायालयापुढें आलेलें त्यांचें रूप इंग्रजी. ज्यूरींत सात युरोपीय आणि दोन पारशी गृहस्थ होते. मूळ लेख वाचून न्याय देऊं शकेल असा मराठी वाचक त्यांत नव्हता. टिळकांनीं वकील न देतां स्वतः आपला बचाव केला. सरकारी भाषांतरकाराची त्यांनीं शब्दाशब्दावरून उलटतपासणी केली, आणि मूळ शब्दांना इंग्रजींत नसता कडकपणा आला आहे असें प्रतिपादन केलें. कित्येक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले.

त्यांच्या बचावाचा एक धागा ह्या कथेला विशेष उपयोगी आहे. त्यांनीं अँग्लो-इंडियन पत्रांचीं आणि इतर पत्रांचीं कात्रणें पुराव्यांत दाखल केलीं. ‘केसरी’चे लेख एका चालू वादाचा भाग होते, विरुद्ध पक्षाच्या लिखाणास तीं उत्तरें होतीं, हें त्यांना दाखवावयाचें होतें. दुसरा काय म्हणाला हें पुढें ठेवल्याशिवाय आपण काय म्हणालों याचा अर्थ लागत नाहीं, असा त्याचा इत्यर्थ. म्हणणें हें एकट्याचें कधींच नसतें. त्याला मागचा प्रश्न असतो आणि पुढचें उत्तर असतें. मधलेंच वाक्य उचलून, त्याचें भाषांतर करून, तें एकटें उभें केलें म्हणजे तेंच वाक्य निराळें दिसूं लागतें. न्यायालयानें हें मान्य केलें नाहीं. २२ जुलै १९०८ रोजीं ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरविलें, आणि न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ती टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत भोगली. दुसऱ्याच दिवशीं त्यांना बावन्न वर्षें पुरीं होत होतीं.

तोच मुद्दा आठ वर्षांनीं फळास आला. १९१६ च्या उन्हाळ्यांत टिळकांनीं बेळगांव आणि अहमदनगर येथें स्वराज्यावर मराठींत भाषणें केलीं. येथें वृत्तांत लिहिणारा बातमीदार नव्हता. पोलिसांचा लघुलेखक होता. वक्ता काय म्हणाला, हें आतां सरकारच लिहून घेऊं लागलें होतें. त्या टिपणांवरून त्यांच्याकडे वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन मागण्यांत आले. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. बॅरिस्टर जीना यांनीं टिळकांची बाजू मांडली. ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं न्यायमूर्ति बॅचलर आणि न्यायमूर्ति शहा यांनीं तो हुकूम रद्द केला. भाषणें तुकडे तुकडे करून न वाचतां समग्र आणि मोकळ्या मनानें वाचलीं पाहिजेत, अशी त्या निकालाची दृष्टि होती. एखाद्या माणसाचें म्हणणें काय आहे, हें त्याच्या सगळ्या बोलण्यावरून ठरवावयाचें, हा साधा न्याय १८९७ आणि १९०८ सालीं मिळाला नव्हता. १९१६ सालीं मिळाला.

ह्यानंतर थोड्याच वर्षांनीं रत्नागिरी शहर पुन्हां मराठी शब्दांच्या वादाचें केंद्र झालें. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ पर्यंत तेथें स्थानबद्ध होते, आणि तेथूनच त्यांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली. तिचे पुरस्कर्ते पुष्कळ झाले, तसे विरोधकही झाले. तारखेऐवजीं ‘दिनांक’, नंबराऐवजीं ‘क्रमांक’ अशीं नामें छापील मराठींत आलीं आणि त्यांतलीं अनेक टिकलीं. येथें भाषेचा एक स्वभाव दिसून येतो. नामें येतात, जातात, बदलतां येतात. पण ‘म्हणणें’, ‘सांगणें’, ‘कळणें’ ह्यांसारखीं मूळ क्रियापदें हलत नाहींत. परका शब्द क्रियेसाठीं घ्यावयाचा झाला तरी मराठी त्याला ‘करणें’ जोडून नाम म्हणूनच वागविते. ‘जाहीर करणें’ हें जुनें फारसी उदाहरण, ‘रिपोर्ट करणें’ हें इंग्रजी. फारसी गेली, इंग्रजी आली, शुद्धीचें वारें वाहिलें. ‘असें म्हणतात’ हें वाक्य जागचें हललें नाहीं.

आज वर्तमानपत्रांत ‘कथित’ हें विशेषण फार दिसतें. कथित घोटाळा, कथित आरोपी. शब्द संस्कृत आणि भारदस्त आहे. पण त्याचा धातु ‘कथ्’ म्हणजे सांगणें. ‘कथित’ म्हणजे सांगितलेला. भारदस्त वेषांत आलेलें तें ओटीवरचेंच ‘म्हणे’ होय. वेष बदलल्यानें त्याचें दायित्व बदलत नाहीं. डोंगरीच्या तुरुंगांत गेलेल्या दोघां तरुणांना हें कळून चुकलें होतें.

म्हणून बातमीच्या शेवटीं ‘असें कळतें’ आलें कीं वाचकानें एक लहानसा प्रश्न मनांत विचारावा : कोणाला? ‘असें म्हणतात’ आलें कीं विचारावें : कोण? व्याकरणानें ही जागा रिकामी ठेवलेली आहे. ती जागा भरण्याचें काम आरंभीं बातमीदाराचें, मग संपादकाचें. पण दोघांनींही ती रिकामीच सोडली, तर शेवटीं तें काम वाचकाचें. रत्नागिरीच्या टिळक आळींत लोकमान्यांचें जन्मघर स्मारक म्हणून जतन करून ठेवलेलें आहे. त्या लहानशा घरांतून निघालेल्या माणसाला आपल्या आयुष्यांतील कितीतरी वर्षें ‘म्हणाला’ ह्या एका शब्दाखातर तुरुंगांत काढावीं लागलीं. तो शब्द छापतांना लेखकानें, आणि वाचतांना वाचकानें, निदान क्षणभर थांबावें, एवढें तरी त्याचें मोल आहे.